जुन्या घाटाचा गॉगल कसा निवडावा

गॉगलच्या दुकानात हल्ली एक प्रसंग हमखास पाहायला मिळतो. गिऱ्हाईक मोबाइलवर एखाद्या नटाचे किंवा नटीचे छायाचित्र पुढे धरते आणि ‘अगदी असाच दाखवा’ असे सांगते. दुकानदार पाच-सहा फ्रेमा काढून ठेवतो, त्यातली एक चेहऱ्यावर बरी दिसते, खरेदी होते, आणि महिन्याभरात तो गॉगल गाडीच्या कप्प्यात जाऊन पडतो, कारण वाकले की तो घसरतो किंवा हसले की गालांना टेकतो. छायाचित्रातला गॉगल बहुधा कित्येक दशकांपूर्वीच्या एखाद्या घाटाची नवी आवृत्ती असतो आणि तो घाट हौसेने जरूर निवडावा. मात्र माप आपल्या नाकाचे असावे आणि काच आजची असावी. पुढे याच क्रमाने सांगते.

आधी घाट ओळखायला शिकावे. ‘एव्हिएटर’ म्हणजे धातूच्या बारीक तारेत बसवलेल्या, थेंबासारख्या खाली उतरत गेलेल्या काचा. बॉश अँड लॉम्ब या अमेरिकी कंपनीने १९३०च्या दशकात तो वैमानिकांसाठी घडवला आणि १९३७ साली ‘रे-बॅन’ या नावाने सर्वांसाठी बाजारात आणला. वैमानिकाची नजर सारखी समोरच्या तबकड्यांकडे खाली वळते, तेव्हाही डोळा झाकलेला राहावा म्हणून काच गालापर्यंत आणलेली असते. आपल्याकडे २०१०च्या ‘दबंग’मध्ये सलमान खानने तो शर्टाच्या कॉलरला मागच्या बाजूने अडकवला आणि मग गल्लोगल्ली पाठीवर गॉगल लटकवून फिरणारी पोरे दिसू लागली.

‘वेफेअरर’ची गोष्ट अधिक बोलकी आहे. बॉश अँड लॉम्बच्याच रेमंड स्टेगमन यांनी १९५२ साली आखलेली ही जाड प्लास्टिकची, वरच्या बाजूला रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी फ्रेम एकेकाळी पार मागे पडली होती. १९८१ साली तिचे जेमतेम १८,००० नग खपले होते. पुढच्याच वर्षी, आपले गॉगल चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवर दिसावेत यासाठी, कंपनीने एका संस्थेशी वर्षाला ५०,००० डॉलरचा करार केला. १९८३च्या ‘रिस्की बिझनेस’मध्ये टॉम क्रूझच्या डोळ्यांवर वेफेअरर झळकला आणि खप ३,६०,०००वर गेला. जुनी फॅशन आपोआप परत येते असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

‘कॅट-आय’चे श्रेय अल्टिना शिनासी यांना जाते. न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवण्याचे काम करताना त्यांना बायकांच्या चष्म्यांचा नीरसपणा खटकला आणि व्हेनिसच्या उत्सवी मुखवट्यांवरून त्यांनी बाहेरची टोके वर उचललेली फ्रेम १९३०च्या दशकात तयार केली. याखेरीज सत्तरच्या दशकातले मोठे गोल, फिक्या रंगाचे गॉगल आहेत, ज्यांसाठी १९७१च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधली झीनत अमान आठवावी, अमेरिकी रॉक गायक कर्ट कोबेनने १९९३ साली गाजवलेला पांढऱ्या जाड कडेचा लंबगोल आहे, आणि बेला हदीद, केंडल जेनर या मॉडेलनी २०१८च्या सुमारास पुन्हा चलनात आणलेल्या नव्वदीतल्या चिंचोळ्या पट्ट्या आहेत. या पट्ट्यांनी ऊन अडत नाही, त्यामुळे त्या लग्नाच्या फोटोपुरत्याच घ्याव्यात असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानात घाटाचे नाव सांगावे, नटीचे सांगू नये. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’मध्ये ऑड्री हेपबर्नने घातलेला गॉगल वेफेअरर असल्याचे असंख्य ठिकाणी छापून आले आहे, प्रत्यक्षात तो लंडनच्या ऑलिव्हर गोल्डस्मिथ या कंपनीचा ‘मॅनहॅटन’ होता. त्या छायाचित्रावर भुलून वेफेअरर घेणाऱ्याला घरी आल्यावर काहीतरी चुकल्यासारखे वाटले, तर तो आरशाचा दोष नव्हे.

आता मापाकडे वळू, कारण खरी गोम येथेच आहे. फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ५२□१८ १४० असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधील नाकावरच्या पुलाची रुंदी आणि तिसरा काडीची लांबी, सर्व मिलिमीटरमध्ये. घरी रोज वापरात असलेला आणि न टोचणारा एखादा चष्मा असेल तर त्याचे आकडे टिपून घ्यावेत आणि दुकानात त्याच्या आसपासचेच माप मागावे. पुलाचा आकडा बहुतेक जण पाहतच नाहीत. मूळ घाटाचा वेफेअरर ५०□२२ आणि ५४□१८ अशा दोन मापांत मिळतो. लहान चेहऱ्याची माणसे साहजिकच ५० उचलतात, पण त्याचा पूल मोठ्या मापापेक्षा चार मिलिमीटर रुंद आहे, आणि ज्याच्या नाकाचा वरचा भाग बसका आहे त्याच्या नाकावरून तो दिवसभर खाली येत राहतो. प्लास्टिकच्या फ्रेमचा पूल नंतर अरुंद करता येत नाही. एव्हिएटरचे तसे नसते. त्याच्या नाकावरच्या पॅड तारेवर बसवलेल्या असतात आणि चष्मेवाला त्या चिमट्याने आतबाहेर करून देतो. नाक बसके असेल आणि प्लास्टिकचीच हौस असेल, तर ‘लो ब्रिज फिट’ असे स्पष्ट सांगून मागावे.

गॉगल डोळ्यांवर चढवल्यावर आरशापुढे स्तब्ध उभे राहू नये. मान खाली घालून चपलेचा पट्टा लावल्यासारखे करावे, तोंडभर हसावे, पापण्यांची जोरात उघडझाप करावी. गॉगल घसरला, गालांनी वर उचलला गेला किंवा पापण्या काचेला लागल्या, तर तो परत ठेवावा. फ्रेमची वरची कड भुवईच्या ओळीतून जावी. भुवई तिच्या बरीच वर राहिली तर चेहरा कायम दचकल्यासारखा दिसतो. चेहरा गोल की चौकोनी यावर जे तक्ते फिरत असतात, त्यांना मी फारसे महत्त्व देत नाही.

काचेच्या बाबतीत मात्र कसलीही तडजोड नको. रंग गडद म्हणजे संरक्षण अधिक, हा समज घातक आहे. गडद काचेमागे बाहुली विस्फारते, आणि अतिनील किरण अडवण्याचा गुण त्या काचेत नसेल तर तेच किरण डोळ्यात अधिक जातात. म्हणून ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारी, ‘यूव्ही ४००’ असे लिहिलेली काचच घ्यावी. उलट सत्तरच्या घाटाची फिकट गुलाबी काचही हे काम पूर्णपणे करू शकते, कारण या गुणाचा रंगाशी संबंध नाही. उजेड किती गाळला जातो ते शून्य ते चार या श्रेणीवरून कळते. तिसऱ्या श्रेणीतून ८ ते १८ टक्के उजेड आत येतो आणि आपल्या उन्हाला ती योग्य. चौथ्या श्रेणीचा गॉगल घालून वाहन चालवू नये. वर गडद आणि खाली फिकट होत जाणारी काच गाडी चालवताना सोयीची असते, कारण समोरचे काटे वाचता येतात, पण किनाऱ्यावर वाळूवरून उजेड खालूनही येतो आणि तेथे ती अपुरी पडते. काच पोलराइज्ड, म्हणजे चकाकी अडवणारी, असल्याचे सांगितले तर ती लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवावी. एका कोनात पडदा जवळजवळ काळा दिसला तर सांगणारा खरा.

जुना, त्या काळातलाच नग हवा असेल तर मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार धुंडाळण्यात मजा आहे. फ्रेम आधी नाकाजवळ न्यावी. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट, म्हणजे फ्रेमचे प्लास्टिक, विघटू लागले आहे असे समजावे. अंगठ्याने घासल्यावर कापरासारखा वास आला तर ती सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची फ्रेम असते आणि ती भराभर पेट घेते, म्हणून तिला गरम करून वाकवण्याचा विचारही करू नये. त्या काळच्या काचा पुष्कळदा खऱ्या काचेच्या असतात. फुटल्या तर डोळ्यात जातील, तेव्हा दुचाकीवर वापरण्याआधी त्या बदलून घ्याव्यात.

माझ्या आईचा सत्तरच्या दशकातला मोठा गोल गॉगल मी असाच दुरुस्त करून घेतला. पहिल्या दुकानाने नवीन काच जोर लावून फ्रेममध्ये दाबली आणि कडेला केसाएवढी चीर पाडली. दुसऱ्या ठिकाणच्या वयस्कर कारागिराने फ्रेम गरम हवेच्या झोतावर मिनिटभर फिरवली, ती किंचित सैल झाल्यावर काच मागच्या बाजूने अंगठ्यांनी बसवली आणि थंड होईपर्यंत हातात धरून ठेवली. मला उणे चारचा नंबर आहे. तो पाहून त्याने आधीच बजावले होते की एवढ्या मोठ्या काचेची कड जाड दिसणार, आणि जास्त अपवर्तनांकाची पातळ काच घेतली तरी ती जाडी पूर्ण लपणार नाही. तसेच झाले. ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांनी म्हणूनच ५० मिलिमीटरच्या आतली काच घ्यावी. पण दूरचे आणि जवळचे एकाच काचेत हवे असणाऱ्यांना चिंचोळी फ्रेम चालत नाही, कारण वाचायचा भाग बसायला खाली जागाच उरत नाही.

घामाने ॲसिटेटवर पांढुरका थर चढतो, म्हणून उन्हाळ्यात गॉगल रोज साध्या पाण्याने आणि साबणाच्या एका थेंबाने धुवावा, सुती कापडाने टिपावा आणि ओढणीने किंवा शर्टाच्या टोकाने कोरडा पुसू नये. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नये. आईच्या गॉगलची डावी काडी तशी राहिल्यानेच वाकडी झाली होती, आणि कारागिराने ती सरळ केली तरी एका कानावर तो अजून जरा वरच बसतो.