रोप द्यायचं तर मुळं धरलेलं द्या

"घे ना, भरपूर आहे," असं म्हणत कात्रीने चार फांद्या कापायच्या आणि समोरच्याच्या हातात कोंबायच्या. मी वर्षानुवर्षं हेच करत आले. घरी पोचेपर्यंत त्या फांद्या मान टाकतात, मग दोन-चार दिवस पाण्याच्या ग्लासात उभ्या राहतात, आणि पुढच्या भेटीत आम्ही दोघीही त्या विषयाला बगल देतो. आता मी नियमच केलाय. माझ्या घरातून रोप बाहेर पडेल ते मुळं धरलेलं, तपासलेलं आणि चिठ्ठी लावलेलं. चिठ्ठीचं वेड जुनं आहे. 27 वर्षं मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी केली. नाव नसलेली नळी तिथे कुणी तपासत नाही.

माझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी जास्वंदीला, म्हणून तिचंच नीट सांगते.

फांदी निवडताना कोवळी लुसलुशीत नको आणि जून, सालपटलेलीही नको. पेन्सिलीएवढी जाड, वाकवल्यावर थोडी वाकणारी आणि मग कट्कन मोडणारी हवी. तिच्यावर कळ्या असतील तर त्या खुडून टाका. लांबी 15 ते 20 सेंमी पुरते. खालचा काप पेराच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली आणि तिरका घ्या, वरचा सरळ. मुळं पेरापाशी फुटतात म्हणून खालचा काप तिथे. आणि तिरकं-सरळ अशासाठी, की फांदी उलटी लावली जाऊ नये. हसू नका, मी एकदा चार फांद्या उलट्या लावून महिनाभर त्यांना पाणी घातलंय.

वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा. ती दोन मोठी असतील तर कात्रीने अर्धी करा. जीवावर येतं, पण पानातून पाणी उडत राहतं आणि ते भरून काढायला खाली मुळंच नसतात. कुंडीत अर्धं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, अर्धी जाड वाळू, खत अजिबात नाही. आधी पेन्सिलीने भोक पाडायचं, मग फांदी ठेवायची. तशीच दाबून खुपसली तर साल सोलवटते. मुळं फुटायची पावडर मिळते, तिच्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक अ‍ॅसिड असतं. ती लावली तर उत्तम, पण जास्वंद तिच्यावाचूनही लागते.

आता कुंडीत दोन काड्या रोवून वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घाला. सावलीत पण उजेडात ठेवा. उन्हात ठेवलीत तर आत फांदी वाफवून निघेल. पिशवीच्या या युक्तीचे पूर्वज थोर आहेत. 1829 च्या सुमारास लंडनच्या नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी पतंगाचा कोष पाहायला म्हणून बंद बाटलीत ओली माती ठेवली होती. कोष राहिला बाजूला, मातीतून नेचं उगवलं. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या आणि 1833 मध्ये त्यातून पाठवलेली रोपं जहाजाने थेट सिडनीला जिवंत पोचली. उडालेलं पाणी आतच थेंब होऊन परत मातीत पडतं, एवढंच त्यातलं गुपित. आपली पिशवी म्हणजे तीच पेटी, फक्त फुकटातली.

चार ते सहा आठवडे लागतात. मध्येच पालवी फुटते आणि माणूस आनंदून रोप वाटायला काढतो. थांबा. फांदीत साठलेल्या अन्नावरही पालवी येते, मुळं नसतानाही. हलकेच वर ओढून पाहा, फांदीने मातीला धरून ठेवलं किंवा कुंडीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं, तरच झालं. मग आठवडाभर पिशवी रोज थोडी जास्त वेळ उघडी ठेवत काढून टाका. आणि एक हवं असेल तेव्हा तीन लावा, ही सगळ्यात कामाची गोष्ट.

बाकीच्या झाडांना एवढे लाड लागत नाहीत. मनीप्लांटच्या तुकड्याला निदान एक पेर हवंच. नुसतं पान पाण्यात मुळं सोडतं, पण त्याचा वेल कधी होत नाही. पाण्यात वाढवलेली मुळं तीन-चार सेंमी झाली की मातीत हलवा. कोरफडीची पिल्लं मुळांसकट वेगळी करा. कॅक्टसचा किंवा शेराचा तुकडा चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या, जखम भरल्यावर लावा. शेराचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार वाईट झोंबतो. पिवळ्या काठाचं स्नेक प्लांट मात्र पानाच्या तुकड्यापासून करू नका, येणारं रोप साधं हिरवं निघतं. काठ हवा तर गड्डा फोडूनच द्यावा लागतो. हे मला कळलं ते एकीला "अगदी असंच येईल" असं छातीठोकपणे सांगून झाल्यावर.

गोल गोल पानांचं पायलिया असंच हातोहात जगभर गेलं. आग्नार एस्पेग्रेन नावाचे नॉर्वेचे मिशनरी 1940 च्या दशकात ते चीनमधून घरी घेऊन आले आणि त्याची पिल्लं ओळखीपाळखीत वाटत राहिले. खिडक्याखिडक्यांतून ते इतकं पसरलं, की हे झाड आलं कुठून, हे वनस्पतिशास्त्रज्ञांना नंतर मागे मागे जात शोधावं लागलं. कुणीतरी एक चिठ्ठी लावायला हवी होती, असं मला आपलं वाटतं.

आता तपासणी. इथे मी स्वतः माती खाल्ली आहे. जाऊबाईंना मोठ्या तोऱ्यात जास्वंद दिली, आणि तीन आठवड्यांनी त्यांचा फोन, "अगं, झाडाला कापूस आलाय." पान जिथे फांदीला जुळतं त्या बेचक्यात पांढरे पुंजके, आणि खोडावरून मुंग्यांची रांग. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण! मुंग्या खरं तर माझ्याकडेही होत्या, मी लक्षच दिलं नव्हतं. मिलीबग गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्यासाठी येतात आणि बदल्यात त्याची राखण करतात. म्हणून मुंग्या दिसल्या की वर बघायचं. जाऊबाईंचा गुलाबही त्यात गेला. त्या काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

तेव्हापासून रोप देण्याआधी भिंग घेऊन प्रत्येक बेचकं आणि प्रत्येक पानाची खालची बाजू बघते. कुंडीतून गोळा अलगद काढून मुळंही पाहते, कारण मिलीबगची एक जात मुळांवरही बसते. घेणाऱ्यानेही नवं रोप दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून लांब ठेवावं. त्यात देणाऱ्याचा अपमान नाही. उलट माझं रोप कुणी असं वेगळं ठेवलं की मला त्या घरात झाड जगेल याची खात्री पटते.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. मार्कर उन्हात उडतो, पेन्सिल वर्षानुवर्षं टिकते. जुन्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्याची पट्टी कापायची, त्यावर नाव, फुलाचा रंग, लावल्याची तारीख आणि माझ्याकडे किती तास ऊन मिळत होतं ते लिहायचं. "रोज पाणी" असं कधीही लिहू नका. बोटाचं पहिलं पेर मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी, असं सांगा.

न्यायच्या आदल्या दिवशी पाणी घाला. आयत्या वेळी घातलं तर चिखल होऊन गोळा फुटतो. कुंडीच्या तोंडाला वर्तमानपत्र चोंदा आणि बंद गाडीत उन्हात ठेवू नका. परदेशात पाठवायचं तर रोपांच्या आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. बॅगेत लपवून नेणारे भेटतात, मी त्यांना रोप देत नाही.

जलपर्णीही देत नाही. जांभळी फुलं सुंदर असतात म्हणूनच माणसांनी ती दक्षिण अमेरिकेतून जगभर नेली, आणि तळीच्या तळी तिच्याखाली गुदमरली.

मागण्याबद्दल एकच सांगते. छाटणी कधी करणार ते विचारून ठेवा आणि त्या दिवशी रिकामी कुंडी घेऊन जा. तेव्हा कुणीच नाही म्हणत नाही. बहरलेल्या झाडाखाली उभं राहून मागितलं, तर मीसुद्धा नाही म्हणते.

माझी स्वतःची पांढरी जास्वंद, आत लाल ठिपका असलेली, गेल्या वर्षी मुळं कुजून गेली. चूक माझीच, कुंडीचं भोक बुजलं होतं. जाऊबाईंकडे तिचंच रोप होतं, ते कापसावालं, त्यांनी साबणाच्या पाण्याने धुऊन धुऊन वाचवलेलं. त्याची फांदी त्यांनी दोन महिने वाढवून मला आणून दिली, माझीच जुनी पट्टी खोचून. पेन्सिलीची अक्षरं स्पष्ट वाचता येत होती. सोबत त्यांची सूचना: मुळं तपासून घे, आणि कुंडी परत कर.