मन हातातल्या कामावर ठेवायला शिकताना या चुका टाळा

रोजच्या जगण्यात मनाने हजर राहायचे ठरवणारे अनेक जण थोड्याच दिवसांत निराश होतात, कारण मन एकदाही भरकटणार नाही अशी अपेक्षा त्यांनी पहिल्या दिवसापासून धरलेली असते. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारणा केली गेली, तेव्हा सुमारे ४७ टक्के वेळा त्यांचे मन चालू कामाऐवजी दुसरीकडेच असल्याचे आढळले. भरकटणे हा मनाचा स्वभावच आहे. सरावाने वाढते ती भरकटल्याचे लवकर ध्यानात येण्याची आणि परत फिरण्याची सवय.

हे लक्षात न घेतल्याने पुढची, माझ्या मते सर्वांत मोठी चूक घडते, ती म्हणजे विचार दाबून टाकण्याची. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात काही जणांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते. तो विचार त्यांना टाळता तर आला नाहीच, शिवाय नंतर मोकळीक मिळाल्यावर तो आणखी उसळून आला. म्हणून भांडी घासताना उद्याच्या कामाची काळजी डोक्यात शिरली, तर तिच्याशी झगडू नये. ‘काळजी चालू आहे’ एवढी मनाशी नोंद करावी आणि पाण्याचा गारवा, बोटांखालचा तेलकटपणा, घासणीचा आवाज यांकडे लक्ष वळवावे. हे दहा वेळा करावे लागले तरी सराव बिघडला असे समजू नये.

सरावासाठी वेगळा तासभर काढण्याचा अट्टहासही नको. दात घासणे किंवा जिना चढणे यांसारखे रोजचे एखादे काम पुरते.

समोरचा बोलत असताना आपले उत्तर मनात जुळवत बसण्याच्या चुकीबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. अशा वेळी आपण मान डोलावतो, नजरही मिळवतो, पण कान त्याचे वाक्य कधी संपते एवढ्यासाठीच टवकारलेले असतात आणि जिवाभावाच्या माणसाला हे लगेच जाणवते. त्याचे बोलणे संपल्यावर एक श्वास थांबावे, त्याचा शेवटचा मुद्दा आपल्या शब्दांत बोलून दाखवावा आणि मग उत्तर द्यावे; मुद्दा आठवलाच नाही, तर ‘पुन्हा सांगशील का?’ असे सरळ विचारावे.

काहींना डोळे मिटून श्वासावर लक्ष देताना उलट घाबरल्यासारखे होते. तसे झाल्यास नेटाने पुढे रेटू नये. डोळे उघडून जमिनीवर टेकलेले तळवे आणि खोलीतले आवाज यांकडे लक्ष न्यावे. तरीही घाबरणे थांबत नसेल, किंवा जुन्या वेदनादायक आठवणी पुन्हा पुन्हा वर येत असतील, तर सराव थांबवून मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.