ज्वालामुखी बघायला गाडीने जाताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

इंडिकेटर द्यायला हात गेला आणि वायपर फिरला. एरवी ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट. आपल्याकडे इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला. डावीकडे स्टीअरिंग असलेल्या गाडीत त्या जागी वायपर असतो, त्यामुळे नवख्याकडून दिवसातून दहादा तरी असं होतं. पण आम्ही होतो हवाईच्या बिग आयलंडवर, किलाउएआ ज्वालामुखीच्या पार्किंगमध्ये, आणि पुढच्या काचेवर सोनेरी केसांसारखं काहीतरी पडलेलं होतं. वायपर त्यावरून गेला तेव्हा पाटीवर खिळा ओढावा तसा आवाज आला.

ते केस म्हणजे चक्क काच. लाव्हाचं कारंजं उडताना वितळलेल्या खडकाचे थेंब ताणले जातात, त्यांचे बारीक तंतू होतात आणि वाऱ्याबरोबर दूरवर जाऊन पडतात. पेले ही तिथली ज्वालामुखीची देवी, म्हणून हे ‘पेलेचे केस’. वायपर फिरवला ही पहिली चूक, आणि मग खाली उतरून कोरड्या फडक्याने काच पुसायला घेतली ही त्याहून मोठी. काचेवर ओरखडे आलेच, वर बोटात बारीक कुसळं रुतली ती वेगळीच. असं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका, चोळू नका, भरपूर पाणी ओतून वाहू द्या. आणि डोळे तर मुळीच चोळू नका. मुलांना हे आधीच बजावून ठेवा.

बरं, ज्या कारंज्याचे हे केस, ते आम्हाला दिसलंच नाही. आदल्या संध्याकाळीच थांबलं होतं. डिसेंबर 2024 पासून किलाउएआच्या हलेमाउमाउ विवरात लाव्हा थांबून थांबून उसळतो. एक उसळी बहुतेक वेळा काही तासांत किंवा दिवसा-दोन दिवसांत आटोपते आणि पुढचे काही दिवस, कधी काही आठवडे नुसता धूर. आम्ही मात्र तीन महिने आधी एकच दिवस ठरवून मोकळे! तिथली ज्वालामुखी वेधशाळा रोजची स्थिती आणि वेबकॅमची चित्रं देते. ती बघून जायचा दिवस हलवता यावा म्हणून जवळ हिलोत दोन-तीन मुक्काम ठेवा. स्वेटरही घ्या, विवराचा काठ सुमारे 1,200 मीटरवर आहे, पाऊस आणि गारवा दोन्ही असतात.

आईला दमा आहे. तिच्यासाठी नाशिकहून मास्कचं पाकीट नेलं होतं. ते धुळीला ठीक, पण ज्वालामुखीतून येणारा सल्फर डायऑक्साइड हा वायू आहे, साधा मास्क तो अडवत नाही. घशात खवखव सुरू झाल्यावर आम्ही गाडीच्या काचा खाली केल्या, ‘मोकळी हवा’ म्हणून! करायचं नेमकं उलट: काचा बंद, एसी आतली हवा फिरवण्यावर आणि वाऱ्याची दिशा बघून तिथून निघायचं. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी धुराच्या दिवशी विवराकडे न गेलेलंच बरं.

आता पेट्रोल. ज्वालामुखीभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानातून समुद्राकडे उतरणारा चेन ऑफ क्रेटर्स रोड साधारण 30 किलोमीटरचा आहे आणि तेवढ्यात 1,100 मीटरहून जास्त खाली जातो. वाटेत ना पंप, ना टपरी, ना प्यायचं पाणी, फोनला रेंजही जेमतेम. टाकी पाव होती. बायको म्हणाली, “अहो, आधी पेट्रोल भरूया का?” मी म्हणालो, “कसारा घाट उतरणाऱ्याला हे काय सांगतेस!” उतरताना काटा हललाही नाही. हलणार कसा? उतारावर गाडी पेट्रोल पीतच नाही म्हटलं तरी चालेल. खाली समुद्रातली होलेई कमान बघितली. आईने देवघरात ठेवायला काळा दगड उचलला. राष्ट्रीय उद्यानातून दगड न्यायला बंदी आहे. शिवाय आपलं काळाराम मंदिर तसल्याच काळ्या पाषाणाचं, हे पटल्यावर तिने तो जागेवर ठेवला.

अंधारात चढायला लागलो आणि काटा डोळ्यांदेखत घसरला, अर्ध्या वाटेत दिवा लागला. असं झालंच तर एसी बंद करा, एकसारख्या बेताच्या वेगाने चढा, उगाच अॅक्सिलरेटर दाबू नका. उतरतानाही सतत ब्रेकवर पाय ठेवू नका. ऑटोमॅटिक गाडीला खालचा गिअर असतो, तो लावा. मुळात टाकी भरूनच उतरा.

व्होल्कॅनो गावातल्या पंपावर कसेबसे पोचलो, तर यंत्र कार्डासाठी झिप कोड मागायला लागलं. मुलाने नाशिकचा पिनकोड टाकून बघितला. सहा आकडी तो, यंत्र पाचच आकडे घेतं. अशा वेळी तिथेच झगडत बसू नका. आत काउंटरवर जाऊन आधी पैसे भरायचे आणि पंपाचा नंबर सांगायचा.

गाडी परत करताना काचेवरचा अर्धवर्तुळाकार ओरखडा उन्हात लखलखत होता. काचेचं नुकसान विम्यात धरलंय का, हे गाडी घेताना मी विचारलंच नव्हतं. धरलेलं नव्हतं. आईने विचारलं, “किती लागले रे?” मी आकडा डॉलरमध्येच सांगितला.