जिंजरब्रेडच्या घराच्या भिंती अखेर उभ्या राहिल्या

नाताळच्या सुट्टीत लेक आणि जावेची पोरं मागे लागली, म्हणून जिंजरब्रेडचं घर करायला घेतलं. मूळचा जर्मन प्रकार. सुंठ, दालचिनी, लवंग घातलेल्या कडक बिस्किटाच्या भिंती उभारायच्या आणि घट्ट आयसिंगने सांधायच्या. पण छप्पर ठेवलं की भिंती फाकायच्या, अन् पोरं आनंदाने ढिगारा खायला बसायची!

आधी बिस्किटाकडे बघितलं. भाजताना पीठ पसरतं, कडा गोलसर होतात आणि सांधा नीट बसत नाही. म्हणून ट्रे बाहेर येताच, तुकडे गरम असतानाच सुरीने कडा सरळ कापल्या. पिठातला गूळ ओल धरतो, त्यामुळे तुकडे रात्रभर जाळीवर उघडे ठेवले. सोलापूरची कोरडी हवा इथे कामी आली.

आयसिंगच्या बाबतीत मात्र तीच हवा आडवी येते, वाटीतच पापुद्रा धरतो. वाटीवर ओला टॉवेल टाकला (सोलापुरात टॉवेलला काय तोटा!). पोरं बोटं चाटणारच, तेव्हा आयसिंगमध्ये कच्च्या अंड्याऐवजी मेरँग पावडर (अंड्याच्या वाळवलेल्या पांढऱ्याची भुकटी) वापरली. पिठीसाखर इतकी घातली की चमचा उलटा केला तरी आयसिंग पडू नये.

खरा फरक पडला तो स्टीलच्या पेल्यांनी. प्रत्येक भिंतीला आतून-बाहेरून पेला टेकवला आणि छप्पर दुसऱ्या दिवशी चढवलं. तोवर पोरांना गप्प कसं बसवायचं? उरलेल्या तुकड्यांवर जेम्सच्या गोळ्या आणि बडीशेपेच्या रंगीत गोळ्या चिकटवायला दिल्या. निम्म्या पोटात गेल्या, पण भिंतींना कुणी हात लावला नाही.