हिवाळ्यात सातपुड्यात फोर बाय फोर: एका दिवसाची सहल कशी आखावी

पावसाळ्यात सातपुड्यातल्या कच्च्या वाटा वाहून जातात, उन्हाळ्यात दगड तापतो. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या गाड्या घेऊन डोंगरात शिरायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच खरे दिवस. मात्र दिवस लहान असतो, आणि सगळं नियोजन तिथूनच सुरू होतं.

गाड्या किती, माणसं कोण

चार ते सहा गाड्या पुरे. दहा गाड्यांची मिरवणूक होते, सहल नाही. थार, जिम्नी, गुरखा काहीही चालेल, पण थार टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. गाडीत लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची सोय, आहे का, ते आधी विचारा.

सगळ्यात मुरलेला चालक बहुतेक ताफ्यांत पुढे असतो. माझं मत उलटं आहे. पुढे वाट माहीत असलेला माणूस द्या आणि सगळ्यात चांगला चालक शेवटच्या गाडीत बसवा, ओढायचा पट्टाही त्याच गाडीत ठेवा. अडकते ती बहुधा मधली नवखी गाडी, आणि तिला मदत मागूनच लवकर पोचते. नवख्याला पुढून दुसरा ठेवा.

वाट आणि परवानगी

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नंदुरबार जिल्ह्यातलं शहादा-तोरणमाळ धरावं. अंतर ५०-५५ किलोमीटर, सातपायरी घाटात गाडी आणि चालक दोघांचीही परीक्षा होते. वर पठार १,१०० मीटरच्या वर आहे, पहाटे कडाक्याची थंडी असते. कच्च्या वाटा पठारावरून पाड्यांकडे उतरतात.

वनजमिनीत शिरण्यापूर्वी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. यावल किंवा अनेर धरण अभयारण्याकडे जायचं असेल तर हे टाळताच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश नाही. पाड्यावर पोचल्यावर कुणाला तरी भेटून वाट विचारा. पावरा किंवा भिल्ल म्हातारा ‘पुढे गाडी जात नाही’ म्हणाला, तर मोबाइलचा नकाशा बंद करा. शेतातून चाकोरी पाडू नका. ती कुणाची तरी गव्हाची किंवा हरभऱ्याची ओळ असते.

आदल्या दिवशी

टाकी भरा. स्टेपनीची हवा तपासा, जॅक खरोखर उघडून पाहा. प्रत्येक गाडीत प्रेशर गेज हवा, हवा भरायचा पंप मात्र दोन गाड्यांत मिळून एक चालेल. तोरणमाळ ज्या तालुक्यात आहे त्या अक्राणीच्या दऱ्यांत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून वॉकीटॉकीची सोय करा. घरी एकाला वाट आणि परतायची वेळ लिहून द्या.

जेवणाबद्दल वाद नको. हिवाळ्यात खानदेशी माणसाला भरीत जंगलातच करावंसं वाटतं, पण सागाची वाळकी पानं आणि उभं गवत पाहता तिथे चूल पेटवू नका. वांगी पायथ्याच्या शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजून घ्या आणि डबा बरोबर न्या. कळण्याची भाकरी, ठेचा, बस्स. गाडीही वाळक्या गवतावर उभी करू नका. गरम सायलेन्सरने गवत पेटतं.

निघताना

पहाटे साडेपाचला शहाद्यातून निघा. या वेळी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, काहींना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, तेव्हा पहिले वीस किलोमीटर घाई नको. डांबरावर टू-व्हीलमध्येच चाला. पार्ट-टाइम (गरजेपुरती लावायची) फोर-व्हील कोरड्या पक्क्या रस्त्यावर लावली की वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि गिअरबॉक्सवर ताण येतो.

कच्ची वाट सुरू होते तिथे थांबा. टायरची हवा ३२-३३ पाउंडांवरून २५ च्या आसपास आणा. सातपुड्याच्या काळ्या दगडाला धार असते, म्हणून वीसच्या खाली जाऊ नका. टायरची बाजूची भिंत फाटली की पंक्चरवाल्याचाही उपयोग नाही.

वाटेवर

नियम एकच: मागची गाडी आरशात दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली की थांबा, आणि फाट्यावर तर ती येईपर्यंत हलायचंच नाही. हाच नियम प्रत्येक गाडीने पाळला तर कुणी चुकत नाही.

चढावर पुढची गाडी माथा गाठेपर्यंत मागच्याने खालीच थांबायचं. चढ सुरू होण्याआधीच फोर लो (फोर-व्हील आणि लो रेंज एकत्र) लावा, गाडी उभी करून. मध्यावर गिअर शोधत बसलात की मुरमात चाकं फिरतात. उतारावर फोर लो, पहिला गिअर आणि पाय क्लचपासून दूर. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक नुसता टेकवायचा. सकाळी दव पडलेल्या गवतावर ब्रेक दाबला की गाडी घसरते.

हिवाळ्यात चिखल कुठून, असं वाटेल. रब्बीला पाणी सोडलेलं असतं, पाट फुटून गाडवाटेवर येतो आणि काळी माती टायरला चिकटून त्याची नक्षी बुजवते. असा पट्टा किंवा ओढा दिसला की एकाने उतरून काठीने खोली पाहावी. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा.

गाडी अडकली तर आधी खोऱ्याने चाकापुढची माती काढा, मगच पट्टा. तो कंपनीच्या टो हुकालाच लावा, बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही. तो गोळा तुटून गोळीसारखा उडू शकतो. पट्ट्यावर जुनी चादर टाका आणि बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं करा.

परतणं

दुपारी दोन वाजता, जिथे असाल तिथून, मागे फिरा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, पण दरीत त्याच्या बऱ्याच आधी सावली पडते. तोरणमाळच्या यशवंत तलावावर चहा प्यायचा असेल तर तो सकाळीच प्या.

डांबर लागलं की हवा पुन्हा ३२ वर भरा आणि फोर-व्हील काढा. गाडीखाली वाकून सायलेन्सरजवळ गवत अडकलंय का ते पाहा, सगळ्या गाड्या मोजा, मग पांगा.