ऑक्सफर्डमधील कॉलेजे आणि शाळा यांचा इतिहास कसा अभ्यासावा

ऑक्सफर्डमधील एखाद्या कॉलेजचा इतिहास लिहायला घेणाऱ्याने स्थापनेचे एकच साल लिहून पुढे जाऊ नये. या शहरातील जुन्या संस्थांच्या बाबतीत निधी मिळाला ते साल, नियमावली तयार झाली ते साल, आजची जागा हाती आली ते साल आणि आजचे नाव रूढ झाले ते साल ही बहुधा वेगवेगळी असतात. त्यामुळे या चारही सालांची स्वतंत्र नोंद ठेवणे ही अभ्यासाची पहिली पायरी होय.

विद्यापीठ कॉलेजांहून जुने आहे, हेही आरंभीच ध्यानात घ्यावे. येथे 1096 मध्ये अध्यापन चालू होते आणि 1167 पासून, दुसऱ्या हेन्रीने इंग्रज विद्यार्थ्यांना पॅरिसला जाण्यास मनाई केल्यानंतर, ते झपाट्याने वाढले. त्या काळातील विद्यार्थी ‘हॉल’ म्हणवल्या जाणाऱ्या घरांत एखाद्या शिक्षकाच्या देखरेखीखाली राहत. अशा हॉलना कायमचा निधी नसे, म्हणून ते उघडत आणि बंद पडत. कॉलेजला मात्र स्वतःची जमीन, उत्पन्न आणि नियमावली असे. मध्ययुगीन हॉलपैकी सेंट एडमंड हॉल तेवढा तग धरून राहिला आणि 1957 मध्ये तोही कॉलेज झाला.

‘सर्वांत जुने कॉलेज कोणते?’ हा प्रश्न वरील पद्धत पारखून पाहण्यास उत्तम आहे. विल्यम ऑफ डरहॅम याने 1249 मध्ये मृत्युपत्राने 310 मार्क (त्या काळी पैसे मोजण्याचे एकक) ठेवले आणि त्यावर युनिव्हर्सिटी कॉलेज आपला दावा सांगते; परंतु त्याची नियमावली 1280 ची आहे. बेलियल कॉलेजमध्ये 1263 च्या सुमारास विद्यार्थ्यांची सोय झाली, तर नियमावली 1282 मध्ये संस्थापकाच्या विधवेने, डर्व्होर्गिलाने, दिली. वॉल्टर डी मर्टनने आपल्या कॉलेजची पहिली नियमावली 1264 मध्येच करून ठेवली होती आणि 1274 मध्ये तिला अंतिम रूप दिले. मला मर्टनचा दावा अधिक सबळ वाटतो, कारण निधी, सदस्य आणि नियम यांनी बांधलेली संस्था हा कॉलेजचा खरा अर्थ तेथे प्रथम पूर्णपणे दिसतो. तथापि निकष बदलला की उत्तर बदलते, म्हणून आपण कोणता निकष लावला हे लेखनात स्पष्ट सांगावे.

दंतकथा आढळल्यास ती टाकून देऊ नये. ती कोणी, केव्हा आणि कशासाठी पुढे आणली ते शोधावे. युनिव्हर्सिटी कॉलेजने चौदाव्या शतकात मालमत्तेच्या एका वादात नवव्या शतकातील राजा आल्फ्रेड हा आपला संस्थापक असल्याचे सांगितले आणि 1872 मध्ये आपला सहस्राब्दी सोहळाही साजरा केला. यातून आल्फ्रेडच्या काळाविषयी काहीच कळत नाही. मात्र प्राचीनत्वाला किती मोल होते, हे चांगले कळते.

त्यानंतर जमिनीचा पूर्वेतिहास पाहावा. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाले आणि त्यांच्या वास्तूंमध्ये नव्या संस्था आल्या. बेनेडिक्टाइन भिक्षूंच्या डरहॅम कॉलेजच्या जागी 1555 मध्ये ट्रिनिटी कॉलेज उभे राहिले. त्यांच्याच ग्लॉस्टर कॉलेजची जागा पुढे हॉल बनली आणि 1714 मध्ये वूस्टर कॉलेज झाली. क्राइस्ट चर्चची कथा याहून गुंतागुंतीची आहे. सेंट फ्रिड्सवाइडचा मठ बंद करून आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वुल्झी याने 1525 मध्ये कार्डिनल कॉलेज काढले, त्याच्या पतनानंतर 1532 मध्ये राजाने ते आपल्या नावाने चालवले आणि 1546 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले.

शाळांकडे वळताना ‘स्कूल’ हा शब्द जपून वाचावा. विद्यापीठाच्या बॉडलियन ग्रंथालयाच्या चौकातील दारांवर लॅटिनमध्ये ज्यांची नावे लिहिली आहेत ती ‘स्कूल’ म्हणजे विद्यापीठाचे व्याख्यानकक्ष होते आणि पदवीच्या अंतिम परीक्षेलाही तेथे ‘स्कूल्स’ म्हणतात. मुलांच्या शाळा वेगळ्या, पण कॉलेजांशी जोडलेल्या. विल्यम ऑफ विकहॅमने 1379 मध्ये न्यू कॉलेज स्थापताना प्रार्थनामंदिरात गाणाऱ्या मुलांच्या शिक्षणाची तरतूद केली आणि कॉलेजला तयारीचे विद्यार्थी मिळावेत म्हणून 1382 मध्ये विंचेस्टर येथे शाळा काढली. मॉडलिन कॉलेजची शाळा 1480 ची असून वुल्झीने तेथे काही काळ शिकवले होते. म्हणून शाळा आणि कॉलेज यांची कागदपत्रे शेजारी ठेवून वाचावीत. सामान्य नागरिकांच्या मुलामुलींसाठी निघालेल्या शाळांचा शोध एकोणिसाव्या शतकात घ्यावा. मुलींचे हायस्कूल 1875 मध्ये सुरू झाले, मुलांचे 1881 मध्ये.

शेवटी, संस्थेत कोणाला प्रवेश होता हे प्रत्येक टप्प्यावर विचारावे, आणि प्रवेश व पदवी या दोन गोष्टी एक समजू नयेत. चर्च ऑफ इंग्लंडचे अनुयायी असण्याच्या धर्मविषयक अटी 1854 आणि 1871 च्या कायद्यांनी बहुतांशी दूर झाल्या. स्त्रियांसाठी लेडी मार्गारेट हॉल आणि सॉमरव्हिल 1879 मध्ये उघडले, परंतु पदवी 1920 पर्यंत मिळत नव्हती. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1889 मध्ये सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या आणि 1892 मध्ये कायद्याच्या परीक्षेला बसल्या. केवळ पदवीधरांची यादी चाळणाऱ्याला त्या वर्षी त्यांचे नाव सापडणार नाही, म्हणून कॉलेजची प्रवेशनोंद वेगळी पाहावी.