केस लिहायला हात कसा बसवावा
क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पदव्युत्तर अभ्यासात लक्षणांच्या याद्या पाठ होतातच. केस लिहायची सवय मात्र पहिल्या सत्रापासून लावा. माझ्या पहिल्या नोंदीत मी ‘रुग्ण उदास’ एवढंच लिहिलं होतं. मॅडमनी विचारलं, “रुग्ण नेमकं काय म्हणाल्या?” रुग्ण म्हणाल्या होत्या, “दात घासायचंसुद्धा ओझं वाटतं.” तेव्हापासून पानाच्या डावीकडे रुग्णाचे शब्द जसेच्या तसे, उजवीकडे मी लावलेला अर्थ. नाव-पत्ता वहीत कधीच नको.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतलीत, तर २७ पैकी बेरीज करण्याआधी नववा प्रश्न बघा. तो मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्य नसेल, तर बेरीज कितीही कमी असो, रुग्ण खोलीतून जाण्याआधी सुपरव्हायझरना गाठा.